धोंडुबाईचा नंबर

बॉबिनवरचा लाल दोरा संपत आलेला, दोनचार वेढे उरलेले... वर्षाराणीने मशीन थांबवलं आणि ती नुसती बघत बसली. याच पिको-फॉलच्या मशीनचे दोन हप्ते थकले होते. थकलेच होते, ती कुठे नाही म्हणत होती?

पण त्या वसुलीवाल्याने आजऱ्याला आईला फोन केला होता, रात्री साडेनऊला. ‘तुमच्या पोरीनं काय केलंय ठाऊक हाय का? पोलीस गाडीतनं फिरवतो तिला, गल्ली बघू दे.’ आई तेव्हापासून भिशीला जात नाही, भर दिवसा कडी लावून बसते — अख्ख्या गावात मान वर करून फिरलेली बाई!

वकीलबाई संयोगिताताईंनी ठणकावून सांगितलं होतं, “सातनंतर फोन न्हाय, नातेवाइकांस्नी न्हाय, धमकी तर न्हायच न्हाय. हप्ता थकला म्हंजे अब्रू गहाण पडली व्हय?” तक्रार टाइप करून ठेवलेली, रेकॉर्डिंग जोडलेलं, फक्त सही बाकी. कंपनी त्याला काढून टाकेल फार तर. फार तर! तो दुसरीकडे चिकटेल, आणि आईची कडी कोण काढणार? नाही, मी का सोडू त्याला...

नाव तो विश्वजित सांगायचा. खोटंच. पण परवा शिव्या ऐकता ऐकता तिने मध्येच विचारलं होतं, “पावणं कुठलं म्हनायचं?”

“कागल.”

“कागलात कुणाचं?”

“दूधवाल्या धोंडुबाईचा...” आणि फोन कट. नाव बदलता येतं, पण इथे वाढलेल्या माणसाची जीभ या प्रश्नाला खोटं बोलत नाही. डेअरीतून धोंडुबाईचा नंबर मिळायला दोन दिवसही लागले नाहीत.

तिने तो लावला. भर दुपारी, नियमात.

“कोण? आमच्या पिराजीच्या हापिसातनं व्हय?” धोंडुबाईच होती, थकलेला पण लेकाच्या कौतुकाने भरलेला आवाज. “बँकेत सायब हाय त्यो.”

“सायब?” वर्षाराणी म्हणाली. महिनाभर घोकून ठेवलेलं किती तरी होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच — “तुमच्या पोरानं काय केलंय ठाऊक हाय का?”

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात, कुणी ऐकेल म्हणून दबून, “किती द्यायचं हाय त्यानं, बाई? मी देती. म्हस इकती. गल्लीत बोलू नगा तेवढं...”

काही द्यायचं नाही त्याने, असं सांगायला हवं होतं. आत्ता, लगेच. पण छातीतला महिनाभराचा पीळ सैल पडत होता, अंगभर गार वाटत होतं — आईच्या वेळी त्यालाही असंच वाटलं असेल का? तिने फोन कानाशी आणखी दाबून धरला. म्हातारी रडायला लागली होती, आणि ती अजून काय म्हणते ते वर्षाराणीला ऐकायचं होतं.