ताईच्या नावाची वेल

भिंग्याला शिंक येणार असली की तो पाच मिनिटं आधीच खोलीबाहेर जातो, अशी वनस्पती संग्रहालयात त्याची ख्याती होती. वाळलेल्या फुलाची पाकळी उडाली तर? पस्तीस वर्षं तो रानातल्या शेंगांच्या वेली ओळखत आला होता. नुसतं पान दाखवा, वेलीचं कूळ, गोत्र, सासर-माहेर सगळं सांगेल, असं शिपाई म्हणायचा. शिपाई थापाड्या खरा, पण ही थाप फार मोठी नव्हती.

हे वेड त्याला लावलं थोरल्या बहिणीने. ताई तरुणपणी याच संग्रहालयासाठी झाडं गोळा करायची. डोंगर पालथे घालायची, आणलेलं दाबून वाळवायची, जाड कागदाच्या शीटवर चिकटवायची. लेबलावर सही मात्र संग्रहालयाच्या साहेबांची. एकदाच साहेबांना उपरती झाली. तिने आणलेली एक वेल त्यांनी नवी जात ठरवली आणि तिला ताईचं नाव दिलं. आता ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मागे नवरा नाही, मूल नाही, पण नाव पुस्तकात होतं. शेजारीण असो, दूधवाला असो, डोळ्यांचा डॉक्टर असो, ही हकीकत ऐकल्याशिवाय तिच्या तावडीतून कुणी सुटला नव्हता.

त्या वेलीची जगात एकच शीट होती. फोटो काढायचे म्हणून भिंग्याने ती टेबलावर घेतली. देठावरची कागदाची पट्टी सुटायला आली होती, म्हणून त्याने ओल्या कुंचल्याने ती उचलली. खाली पाहतो तर फुलाचा देठ वेलीला जोडलेलाच नव्हता. मध्ये केसभर फट.

त्याने भिंग लावलं. पान तीन दलांचं. त्यात नवल नाही, अर्ध्या रानाचं तसंच असतं. पण पानाच्या देठाच्या बुडाशी जे इवलंसं उपपान होतं, ते तळाला चिकटलेलं. रानकुळथाचं असतं तसं. फूल वाळून तपकिरी पडलेलं, त्यातल्या होडीसारख्या पाकळ्या एका अंगाला पिळलेल्या आणि बाजूला बारीकसं शिंग. हे रानमुगाचं. आणि रानमुगाचं उपपान तर ढालीसारखं मधोमध जडलेलं असतं. ‘असं पान आणि असं फूल असलेली वेल जगात दुसरी नाही,’ असं साहेबांनी छापलं होतं. ते अगदी खरं होतं. पहिलीही नव्हती.

नवी पट्टी लावली असती तर फट झाकली गेली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने पट्टी कापली, डिंक लावला आणि ती बोटावर धरून बसला. डिंक वाळला. दुसरी कापली. तीही वाळली. शेवटी शीट कपाटात ठेवून तो ताईकडे गेला.

ताई चहा गाळत होती. त्याने सगळं सांगितलं, उपपानासकट. तिने एकच विचारलं, पट्टी कुणी लावली होती? तूच, ताई, असं तो म्हणाला. तुझ्या हातची पट्टी मी अंधारातही ओळखेन. तिने चहाचा एकच कप भरला, त्याच्यापुढे ठेवला आणि आत जाऊन पडली. पुढे चार दिवस तिने फोन उचलला नाही. जिभेला हाड नसलं तरी ती आवरता येते, असं भिंग्या स्वतःला बजावत राहिला.

पाचव्या दिवशी ती संग्रहालयात आली. तीन जिने, प्रत्येक वळणावर टेकत. शिपाई खुर्ची घेऊन मागोमाग चढत होता. तिने त्याला, मी काय पालखीत बसणार आहे का, म्हणून परत पाठवलं. वर आल्यावर तिने शीट मागितली आणि भिंगातून तासभर बघत राहिली.

“फूल गळलं होतं,” ती म्हणाली. “पिशवीच्या तळाशी हे सापडलं. फुलाशिवाय साहेब वेल घ्यायचे नाहीत. वाटलं, हिचंच असेल.”

तिने भिंग पुन्हा पानाच्या देठावर नेलं.

“उपपान बघितलंच नाही रे मी.”

अजून पट्टी लावता येईल, असं तो हळूच म्हणाला. दोन वर्षांत तो निवृत्त होणार होता, नंतरचं नंतर.

“तुला मी पान बघायला शिकवलं की झाकायला?”

संग्रहालयात जुनं लेबल कधी काढत नाहीत. चूक तशीच राहते. शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लागते आणि तपासणारा तिच्यावर सही करतो. भिंग्याने चिठ्ठी काढली, पण पेन ताईने घेतलं. मनगट दुसऱ्या हाताने धरून तिने लिहिलं: पान रानकुळथाचं, फूल रानमुगाचं, वेली दोन. खाली तपासणाऱ्याची जागा होती. इतकी वर्षं तिने असंख्य लेबलं चिकटवली होती, पण या जागेवर तिने कधी सही केली नव्हती. ती थांबली. मग तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं.

शाई वाळल्यावर भिंग्याने चिठ्ठी जुन्या लेबलाशेजारी चिकटवली.

“माझ्या आणखी किती शीट आहेत?” तिने विचारलं.

“तीनशे बारा.”

“सगळ्या काढ.”

“ताई, आज?”

“माझ्याकडे काय उद्यांची पोती भरून ठेवलीत?”

भिंग्या कपाट उघडायला उठला. ताईने पदराने चष्मा पुसला आणि दिवा आपल्याकडे ओढून घेतला.