एकमताने

“कोणी तयारच होईना हो शेवटी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूपचा चमचा तोंडात घातला. “मग आमचे हे म्हणाले, कवळीवाल्यांना विचारू या. नाही म्हणणारा माणूस नाही तो.”

कवळीवाल्यांची बायको शेजारीच बसली होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिला सगळे अजून ऑपरेटरबाईच म्हणत. तिने लांबलचक टेबलाच्या त्या टोकाकडे पाहिलं. तिकडे उंच पाठीच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. गळ्यात प्रमुखाची खूण म्हणून चांदीचा गुण्या, म्हणजे गवंड्याचा काटकोन, लटकत होता आणि तो हसत होता. एवढं तो लग्नातही हसला नव्हता.

“कशाला तयार होईना?” तिने विचारलं.

“त्या खुर्चीत बसायला. म्हणजे तुम्हाला घरी काहीच सांगितलं नाही?” डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला. “अहो, त्यांनाच माहीत नाही म्हणा. लॉज बंद करायचंय. ही इमारत विकायची ठरलीय. पुढच्या रविवारच्या बैठकीत ठराव येणार. आता ज्याच्या कारकिर्दीत बंद पडणार, त्याचं नाव कायमचं शेवटचं लागणार ना? भिंतीवर आमच्या सासऱ्यांचा फोटो, पलीकडे वकिलांच्या आजोबांचा. त्यांच्या घरातल्या कोणी हे का ओढवून घ्यावं?”

“आणि आमच्या घरातलं कोणीच भिंतीवर नाही.”

“तेच तर,” डॉक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. “तुम्ही बोलू नका हं. आठवडाभर मिरवू दे बिचाऱ्यांना.”

बाई दुष्ट नव्हत्या. घरात मांजर कुठे विते ते सांगावं इतक्या सहज त्या बोलत होत्या आणि म्हणूनच ऑपरेटरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं लोक म्हणतात. तिच्या नवऱ्याने आयुष्यभर दातच केले होते, पण त्याला हे कधी कळलं नाही.

तो कवळ्या बनवायचा. दाताच्या डॉक्टरांनी तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे आणि याने घराच्या मागच्या खोलीत बसून प्लास्टरचे जबडे ओतायचे, मेणात दात बसवायचे. त्यांतल्याच एका डॉक्टरांनी, डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने, त्याला तरुणपणी लॉजमध्ये आणलं. लॉज म्हणजे फ्रीमेसन लोकांचं, एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या पुरुषांचं गुप्त मंडळ. नवीन लग्न झालेलं असताना तिने एकदा एक्स्चेंजमध्ये सांगितलं, “आज हे लॉजवर गेलेत,” तर बाकीच्या पोरी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. तेव्हापासून ती ‘मंडळात गेलेत’ असं म्हणायला शिकली. गल्लीतले लोक म्हणत, तिथे कवट्या पुजतात, रक्ताने सह्या करतात. कसलं काय. म्हातारे पुरुष कमरेला एप्रन बांधून पाठ केलेलं म्हणत आणि मग पोटभर जेवत.

लॉज काढलं ते एका पुलाच्या इंजिनियरने. नदीवर पूल बांधायला आला, पूल अर्धा असताना तापाने गेला, पण लॉज पुरं करून गेला. त्याच्यानंतर लाकडाचे व्यापारी, न्यायाधीश, डॉक्टरांचे वडील, वकिलांचे आजोबा. हे सगळे दाढीमिशांसकट भिंतीवर होते आणि त्यांचा सगळा इतिहास कवळीवाल्याला तोंडपाठ होता. स्वतःच्या आजोबांचं नाव विचारलं तर तो दोनदा विचार करायचा.

मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, व्हायची तिथे रांग असे. दर वर्षी प्रत्येक जण एकेक खुर्ची पुढे सरकतो आणि सगळ्यात पुढचा मास्टर होतो. कवळीवालाही एकदा रांगेत होता. मग डॉक्टर म्हणाले, “दारावर तुमच्यासारखा विश्वासाचा माणूस नाही,” आणि त्याला दाराबाहेर उभं केलं, हातात नंगी तलवार देऊन. आत काही चाललं की बाहेर एकाने पहारा द्यायचा, अशी रीत. तो पहारा संपलाच नाही. त्याच्या मागून आलेले मास्टर होऊन गेले, त्यांची मुलं होऊन गेली आणि हा जिन्याच्या माथ्यावर तलवार घेऊन उभा. आतलं त्याला फक्त पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. तरी त्याने सगळे विधी पाठ केले. मागच्या खोलीत प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर उभा राहून तो ते घडाघडा म्हणायचा. जबडे आ वासून ऐकत असायचे.

तिला त्या दाराचा राग होता. पहिलं मूल पोटातच गेलं त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला बोलवायला शेजाऱ्याला पाठवलं होतं. शेजारी एकटाच परत आला. “बैठक संपेपर्यंत दार सोडता येत नाही म्हणाले,” त्याने खाली मान घालून सांगितलं. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन गेली, पण ती संध्याकाळ ऑपरेटरबाई विसरली नाही आणि त्याने तिचा विषय कधी काढला नाही.

जेवणानंतर दोघं चालत घरी निघाले. तो जमिनीवर नव्हताच.

“सगळ्या पांढऱ्या,” तो म्हणाला. “पेटी उघडली तेव्हा एकही काळी नाही. माझ्या नावाला.”

ही पेटीची भानगड तिला माहीत होती. एवढंच काय ते त्याने घरी सांगितलं होतं, कारण त्याचा त्याला अभिमान होता. तिथे महत्त्वाच्या गोष्टीला हात वर करत नाहीत. लाकडी पेटी फिरते, तिच्यात हात घालून प्रत्येकाने एक गोटी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. कोणी कुठली टाकली ते दिसत नाही. एक जरी काळी निघाली तरी ठराव पडला. आणि इंजिनियरच्या काळापासून त्या पेटीत एकही काळी गोटी निघालेली नव्हती. निघणार कशी? डॉक्टर आणि वकील आधी जेवताना काय ते ठरवून टाकत. पण लॉजमध्ये त्याला एकमताची परंपरा म्हणत.

एक काळी, तिच्या मनात आलं. एकच टाकली तरी लॉज वाचतं. तेवढ्यापुरतं तरी वाचतं. सांगायलाच हवं याला.

सोमवारी तो भाषण तयार करायला बसला. मास्टर म्हणून पहिल्या बैठकीत बोलायचं होतं. नवीन माणसं आणायची, छप्पर गळतंय ते दुरुस्त करायचं, पंपवाल्याला विचारायचं, शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना विचारायचं. त्याआधी लॉजचा सगळा इतिहास, इंजिनियरपासून. तो तिला वाचून दाखवत होता आणि डोळे असे चमकत होते की तिला बघवेना. मंगळवार गेला, बुधवार गेला. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली कसं उतरवायचं, हे तिला सुचत नव्हतं.

गुरुवारी तिने तोंड उघडलं.

“अहो, त्या दिवशी डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणत होत्या. लॉजबद्दल.”

“काय म्हणणार त्या?”

“रविवारी एक ठराव येणार आहे म्हणे.”

तो चष्म्यावरून बघत हसला. “अगं, बायकांच्या बोलण्याचं काय घेऊन बसलीस? आतलं त्यांना काय माहीत? तुला इतक्या वर्षांत कळलं नाही, ते त्यांना कळणार?”

“नीट ऐका तरी. मी काय सांगते...”

“तू आयुष्यभर तारा जोडल्यास,” तो म्हणाला. रागाने नाही, लाडाने म्हणाला, तेच वाईट. “बोलणं दुसऱ्यांचं होतं. उगाच अर्धंमुर्धं ऐकून त्यात शिरू नये माणसाने.”

तिला ते वर्मी लागलं. एक्स्चेंजमध्ये तिने गावातली लफडी ऐकली होती, मरणाच्या बातम्या सगळ्यांच्या आधी ऐकल्या होत्या आणि पोटातलं ओठावर येऊ दिलं नव्हतं. त्याचं हे मोल. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे उभं राहून तिने स्वतःशीच म्हटलं, राहू दे मग. जा. पड तोंडावर.

त्याची दया येत होती म्हणून ती गप्प बसली, असं तिने मुलीला पुढे फोनवर सांगितलं असतं तर ते अर्धं खरं ठरलं असतं. शुक्रवार, शनिवार ती मूग गिळून बसली आणि त्यात तिला थोडं बरंही वाटत होतं. ते बरं वाटणं तिला चांगलं ओळखता येत होतं. तरी ती बसली.

रविवारी दुपारी तिने त्याच्या काळ्या कोटाला इस्त्री केली. तो दाराशी गेला तेव्हा मात्र तिला राहवेना.

“अहो, आज पेटी फिरली ना, तर तुम्हाला वाटेल तीच गोटी टाका. कोणाच्या तोंडाकडे बघू नका.”

“आज कसली पेटी?” तो म्हणाला. “आज माझं भाषण आहे.” आणि भाषणाचे कागद खिशात आहेत ना ते चाचपून तो गेला.

तो परत आला तेव्हा उजेड होता. इतक्या लवकर तो मंडळातून कधी आला नव्हता. त्याने बूट काढले, जागेवर ठेवले, पाणी प्यायला आणि खुर्चीत बसला. ती समोर बसली.

“बंद झालं,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी ठरावाचा कागद माझ्या हातात दिला. मला वाटलं छपराचं काही असेल. मी मोठ्याने वाचायला लागलो. मास्टरनेच वाचायचा असतो. अर्ध्यावर आल्यावर कळलं मी काय वाचतोय.”

“मग थांबलात?”

“वाचून पुरा केला.”

“आणि भाषण?”

“ते नंतर होतं. ठरावानंतर काही उरलंच नाही. सगळे जेवायला उठले.”

“पेटी फिरवली?”

“फिरवली. मास्टरची गोटी शेवटी असते. माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यांच्या टाकून झाल्या होत्या.”

“मग?”

“पांढरी.”

“अहो,” ती म्हणाली, “एक काळी पुरे होती.”

“हो.”

“कोणाला कळलंही नसतं.”

“सगळ्यांना कळलं असतं.” तो तिला समजावून सांगू लागला, लहान मुलाला सांगावं तसं. “आजवर एक काळी निघाली नाही त्या पेटीत. इंजिनियर होता तेव्हापासून. आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या पहिली काळी निघाली असती. एकमत मोडलं असतं.”

“लॉजच राहिलं नाही, एकमताचं काय लोणचं घालायचंय?”

“डॉक्टर म्हणाले, शेवटसुद्धा शोभेल असा झाला. पाठीवर हात ठेवला त्यांनी माझ्या. सगळ्यांसमोर.”

आणि तिला दिसलं की त्याला ते आवडलं होतं. लॉज गेलं, भाषण खिशात राहिलं, उभ्या आयुष्याचं हसं झालं, तरी पाठीवरचा तो हात त्याला अजून जाणवत होता. तिला त्याची एवढी चीड आली की उठून त्याला हलवावंसं वाटलं. जे कधी याचं नव्हतंच, त्याची अब्रू राखायला याने आपली दिली होती.

“खाली जिन्यात डॉक्टर भेटले परत,” तो म्हणाला. “आत बंधू म्हणतात. जिन्यात म्हणाले, कवळीवाले, त्या म्हातारबांचा खालचा जबडा उद्या सकाळी लागेल.”

मग त्याने मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“त्या जेवणाच्या दिवसापासून. सगळं. तुम्हाला का बसवलं तेसुद्धा.”

“का बसवलं?”

तिने सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं, भिंतीवरच्या फोटोंसकट, नाही म्हणणारा माणूस नाही इथपर्यंत. सांगताना तिचा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा सपाट होता. यातलं थोडं गाळता आलं असतं. तिने गाळलं नाही.

“मला सांगितलं नाहीस,” तो म्हणाला.

“सांगत होते. तुम्ही ऐकलं नाहीत.”

“पुन्हा सांगायचं होतंस.”

“तुम्ही इतकी वर्षं मला काही सांगितलं नाहीत. मी दोन दिवस नाही सांगितलं.”

त्याने मान हलवली. यात त्याला काही गैर दिसलं नसावं. मग तो आपल्या हातांकडे बघत बसला. नखांत मेण होतं, ते कितीही धुतलं तरी निघत नसे.

“हात दे,” तो म्हणाला.

“कशाला?”

“दे तर.”

तिने उजवा हात पुढे केला. त्याने तो धरला आणि अंगठ्याने तिच्या बोटाच्या सांध्यावर हलकेच दाबलं. मग तिच्या कानाशी वाकून एक शब्द सांगितला. म्हातारा श्वास आणि तो शब्द.

“ही आमची खूण,” तो म्हणाला. “कुठेही जा, अंधारात हात दिला तरी कळतं की समोरचा आपला आहे. बायकोला सांगायची नाही, अशी शपथ असते. लॉज बंद झालं तरी सुटत नाही ती.” अंगठा अजून तिच्या सांध्यावरच होता. जवळ होतं नव्हतं ते सगळं त्याने तिच्या हातात ठेवलं होतं आणि तो वाट बघत होता.

तिला कळत होतं की आता काय बोलायला हवं. निदान गप्प तरी बसायला हवं, हेही कळत होतं.

“एवढंच?” ती म्हणाली.

त्याने अंगठा तिच्या सांध्यावरून उचलला.

“एवढंच,” तो म्हणाला. मग हात सोडून तो उठला, मागच्या खोलीत गेला, दिवा लावला आणि म्हातारबांच्या खालच्या जबड्यासाठी प्लास्टर कालवू लागला.