फुंकणीतली कूस

पाटसच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की आमच्या गावात थंडी आणि कूस एकदमच येतात. कूस म्हणजे उसाच्या पानावरची बारीक काटेरी लव. ती अंगाला टोचते, म्हणून सर्दीत घसा टोचला तरी गाव म्हणतं, घशात कूस गेली.

त्या वर्षी गावातल्या रोहिदासच्या शेडपुढं रांग लागली. आत फुंकणीमहाराज. चुलीची फुंकणी रोग्याच्या गळ्याला लावायचे, डोळे मिटून ओढायचे आणि ताटलीत थुंकायचे. थुंकीत कूस.

"ही तुमची वैरीण. कातडी फुटली? न्हाई. रगत आलं? न्हाई. हिला विद्या म्हंत्यात."

चार दिवसांत घसे मोकळे होत. जो बरा झाला तो महाराजांच्या जमेला; जो झाला नाही, ते त्याचं पाप, त्याच्याच नावे. इतका चोख हिशेब आमच्याकडे दुसऱ्या कशाचा नाही.

आनंदराव दर आठवड्याला रांगेत. दौंडच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस. दिवाळीत सर्दी झाली तेव्हापासून आवाज बसलेला. कूस दर खेपेला निघे. आवाज आणखी आत जाई.

एक दिवस आरोग्य उपकेंद्राच्या एस्थर सिस्टर तांब्या आणि पातेलं घेऊन आल्या.

"महाराज, ओढायच्या आधी चूळ भरा."

"विद्या बाटती, बाई."

रांगेतून दगडाबाई म्हणाल्या, "आमची मान बाटवत न्हाई, आन् पानी बाटवतंय व्हय?"

लोक हसले. महाराजांना चूळ भरावी लागली. सिस्टरांनी धरलेल्या पातेल्यात गालात दडवलेला कुसेचा पुंजका तरंगला. मग दगडाबाईंच्या गळ्याला फुंकणी लावून कितीही ओढलं, तरी नुसती थुंकी आली.

"मग आमचं घसं बरं कसं झालं?" रोहिदासनं विचारलं.

"आपोआप. सर्दीच्या विषाणूनं घसा सुजतो. शेंबूड नाकामागून घशात उतरतो. नाक चोंदलं की तोंडानं श्वास घेतो, घसा कोरडा पडतो. म्हणून टोचतं. सर्दी गेली की तेही जातं."

"मग माजं का न्हाई गेलं?" आनंदरावांनी विचारलं. त्यांचं बोलणं ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

सिस्टरांनी पातेलं खाली ठेवलं. होळी तोंडावर आली होती; दिवाळीला चार महिने होत आले होते.

सिस्टरांनी धाडलं त्या पुण्याच्या दवाखान्यात आनंदरावांच्या घशात कॅन्सरची गाठ सापडली आणि ऑपरेशन झालं. गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजाची पेटीही. डॉक्टर म्हणाले, लवकर आले असते तर बहुतेक आवाज राहिला असता. आनंदरावांच्या बायको सारजाबाई सांगतात, "भाकर पायजे असली की ताट वाजवत्यात. मला ऐकवत न्हाई." बाजारात आता दुसराच पुकारतो. आनंदराव बाजूला उभे राहून ओठ हलवतात.

महाराज शिरूरकडं गेलेत म्हणे. सर्दीतला घसा बहुधा आठवड्याभरात बरा होतो. त्याचं श्रेय कुणाला देऊ नका. पण आवाज तीन आठवड्यांच्या वर बसून राहिला किंवा गिळताना अडकायला लागलं, तर डॉक्टरला घसा दाखवा. अशा एखाद्या महाराजाच्या रांगेत कुणी ओळखीचं दिसलं, तर हाताला धरून दवाखान्यात न्या. तो बोलतोय तोवर.