माझ्यातून गेलेलं खोटं

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू कुरकुरतातच, असं म्हणून पान उलटू नका. माझ्यातून एक खोटं गेलं. ते जिच्या कानात गेलं ती फसली आणि तिच्याबरोबर मीही फसलो. तीच हकिगत सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका नाट्यगृहात होतो. माझी डझनभर भावंडं टेबलावर मांडलेली होती. ज्यांना दिसत नाही त्यांनाही नाटक पाहता यावं म्हणून आम्हाला आणलं होतं. नारळ फुटला, हार आले, भाषणं झाली. एका बड्या पाहुण्यांनी मला उलटा घालून फोटो काढून घेतला. मी गप्प राहिलो. मला स्वतःचं बोलता येत नाही, फक्त दुसऱ्याचं बोलणं पोहोचवता येतं.

ते बोलण्याचं काम क्रांतीकडे होतं. क्रांती मंगळवार पेठेतली, पूर्वी नाटकात लहानसहान कामं करायची. आता प्रेक्षकांच्या मागे काचेच्या केबिनमध्ये माईकसमोर बसायची. नट बोलत असले की ती गप्प. ते थांबले की रंगमंचावर काय चाललंय ते सांगायची आणि तिचा आवाज फक्त आमच्यात यायचा. कोण आत आलं, कोण कुणाकडे बघतंय, कुणाचा हात थरथरतोय. पण बातम्या वाचल्यासारखं नाही हं! एकदा नायिकेच्या साडीचा रंग सांगताना ती म्हणाली, "हिरवी. गुऱ्हाळाच्या दारात उसाचा ओला पाला पडलेला असतो ना, त्याच्या वासासारखी हिरवी." मला डोळे नाहीत. तरी त्या दिवशी मला हिरवं दिसलं, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

मला नेहमी डोक्यावर घ्यायची ती ललिताताई. गारगोटीच्या एका शाळेत ती इतिहास शिकवते. जन्मापासून तिला दिसत नाही. नाटकाच्या दिवशी एसटीनं यायची, टेबलावरच्या सगळ्यांवरून बोटं फिरवायची आणि माझ्या पट्टीवरचा उडालेला टवका सापडला की म्हणायची, "ह्योच द्या. माझ्या डोक्याला बसलेला हाय." एकदा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नाटक बघून काय करता?" ताई फणकारली, "तुम्ही करताय तेच की!"

ती क्रांतीला मोठ्या कौतुकानं सांगायची, "सोमवारी शाळेत अख्खं नाटक रंगवून सांगितलो बघ. साडीच्या रंगासकट. सगळी बघतच ऱ्हायली." आमच्याकडे बायकासुद्धा 'मी आलो, मी सांगितलो' असंच म्हणतात, त्याचं नवल मानू नका. सांगायचं एवढंच, की 'मी पाहिलं' हे ललिताताई क्रांतीच्या भरवशावर म्हणायची.

मग एका शनिवारी एक विनोदी नाटक लागलं. दुसऱ्या अंकात एक मोठा प्रवेश होता, त्यात शब्द नव्हते, नुसती ढोलकी. प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. क्रांती सांगू लागली, "आता दूधवाला आलाय. डोक्यावर भलीमोठी घागर. पाय घसरला! सावरला. पुन्हा घसरला! दूध थेट सासऱ्यांच्या टोपीवर!" तिचा आवाज जरा कोरडा येत होता. मला वाटलं, घसा बसला असेल. ललिताताई पोट धरधरून हसली. तिच्या डोक्यावर मी गदागदा हलत होतो आणि खोटं कशाला बोलू, मलाही हसू येत होतं.

नाटक संपल्यावर आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना रंगमंचावर नेतात आणि नाटकातल्या वस्तू हातानं बघू देतात. ते काम गणपतरावांचं. नाटकाचं सगळं सामान त्यांच्याच ताब्यात असतं. मी ताईच्या गळ्यात तसाच लटकत होतो. तिनं फेटा चाचपला, सासऱ्यांची टोपी बघितली, ती कोरडी कशी म्हणून हसली. मग तिच्या हाताला एक काठी लागली. घडीची, बारीक, टोकाला रबर असलेली. तशीच तिच्या दुसऱ्या हातात होती.

"आमच्यातलं कोण काठी इसरलं बघा की," ती म्हणाली.

"न्हाय हो बाई, ती नाटकातलीच हाय," गणपतराव म्हणाले. "दुसऱ्या अंकात आंधळ्याचं सोंग न्हाय का घेतलं त्या नटानं? खांबाला धडकतंय, बायकांच्या अंगावर हात टाकतंय, ढोलकीवर! लई हसली मंडळी."

"आणि दूधवाला?"

"कसला दूधवाला? ह्या नाटकात दूधच न्हाय."

गणपतरावांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. ते टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडे करत राहिले. ताईनं ती काठी नीट घडी करून जागेवर ठेवली.

तेवढ्यात क्रांती नेहमीसारखी धावत आली. नाटक कसं वाटलं ते विचारायला ती दर वेळी यायची.

"दूधवाला कुठं हाय गं?" ताईनं विचारलं.

क्रांतीनं ताईचा हात धरला. मग म्हणाली, "ताई, त्यो सीन लई घाण हुता. तुम्हास्नी वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग मी उठून गेलो असतो, न्हायतर हितंच बसून शिव्या घातलो असतो. ते माझं मला ठरवू द्यायचं की." ताईचा आवाज चढला. "सगळी आंधळ्याला हसत हुती, आणि त्यांच्यात बसून मीबी पोट धरून हसलो गं! तू हसवलीस मला."

"माझ्या तोंडातनं शब्दच फुटंना, ताई. मला तुमची..."

"मागच्या नाटकात म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणाली हुतीस. आलं हुतं का?"

"आलं हुतं. आईशपथ!"

"आता ते मला कसं कळायचं?"

मित्रांनो, क्रांती रडायला लागली, पण मला तिची दया आली नाही. आजही येत नाही. माझ्यापाशी तरी दुसरं काय होतं? तिचा आवाज हेच माझं सगळं जग. त्या रात्री कपाटात पडल्या पडल्या मी एकेक नाटक आठवत गेलो आणि मला काहीच धड ठरवता येईना. ती हिरवी साडी हिरवी होती का? तिनं हे मायेपोटी केलं असेल. पण ज्याला दिसत नाही त्याच्यापासून असं काही लपवणं म्हणजे त्याच्या पाठीमागे खुणा करणंच आहे, आणि तेही माझ्यातून!

पुढे बरेच महिने ललिताताई आली नाही. क्रांती केबिनमधून तिला फोन लावायची, पलीकडून कुणी उचलायचं नाही. लोक माझी भावंडं घेऊन जात, टवका उडालेला मी मागे राही. धूळ बसली, सेलला पाणी सुटलं, स्पंज कुजले. एवढं होऊनही मी वाट बघत होतो, हे मात्र कबूल करतो.

दिवाळीनंतर टेबलावर ओळखीची बोटं फिरली. "ह्योच द्या." नवे सेल घातले, कुजलेले स्पंज तसेच ठेवून मी तिच्या डोक्यावर बसलो. पडदा उघडण्याआधी क्रांतीचा आवाज आला, "ताई, आज जे दिसंल ते सांगणार. चांगलं असू दे न्हायतर वाईट." ताईनं माझा उजवा कान नीट बसवला आणि डावा सरकवून मागे केसांवर ठेवला. तिचा स्वतःचा डावा कान तिनं नाट्यगृहासाठी मोकळा ठेवला.

त्या नाटकात मुलगा आईच्या अंगावर धावून जातो. क्रांतीनं ते सगळं सांगितलं. पुढे एकदम हशा पिकला. "हवालदाराची पँट उसवली," क्रांती म्हणाली. ताई शेजाऱ्याकडे वळली. "पावणं, का हसाय लागल्यात?"

"हवालदाराची चड्डी दिसली की हो!" पाहुणे खो खो हसत म्हणाले.

जुळलं! मला वाटलं, आता ती डावा कानही बसवेल. तिनं बसवला नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. ताई प्रत्येक नाटकाला येते. क्रांती काही गाळत नाही, आणि ताई दर वेळी कुण्या अनोळखी पाहुण्याला विचारून बघते. मित्रांनो, माझी तार जपा, सेल वेळेवर बदला, हे मी सांगायलाच हवं. पण कधी कुणाचे डोळे व्हायची वेळ तुमच्यावर आली, तर जे दिसतंय ते सांगा आणि रडायचं की हसायचं हे त्यांच्यावर सोडा.

त्याच दिवाळीनंतर गणपतरावांनी मला नवे स्पंज बसवून दिले होते. उजवा तिच्या कानाच्या आकाराला बसून पार चपटा झाला आहे. डावा अजून कोरा करकरीत आहे.