तळ्यापासून दोनशे पावलं

टेलरबाईंनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली. मग एका सकाळी त्यांच्या डाव्या पायानं संप पुकारला आणि त्या चाकाच्या खुर्चीत येऊन बसल्या. घर तिसऱ्या मजल्यावर. महिन्यातून एकदा ज्येष्ठांच्या केंद्राची बस यायची, दोन माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणायची आणि सगळ्या मंडळींची वरात तळ्याकाठच्या बागेत जायची.

सहल कसली, नुसती जागा बदलून बसणं! केंद्राच्या मॅडम मनानं सोनं, पण ताकही फुंकून पिणाऱ्या. दर वेळी तेच झाड, त्याखाली अर्धगोलात खुर्च्या, चाकांना खिट्ट्या, प्रत्येकाला एक केळं आणि दोनशे पावलांवरून तळ्याचं दर्शन.

"छान वाटतंय ना?" मॅडम विचारायच्या.

"छाऽन!" सगळे एका सुरात.

"असलं तळं माझ्या घरी कॅलेंडरवर आहे," एकदा टेलरबाई पुटपुटल्या. "आणि तिथं केळं खायची सक्ती नाही."

शेजारी वॉकर धरून बसलेले ड्रायव्हरकाका खुदकन हसले. त्यांची उभी हयात बस चालवण्यात गेलेली. तळ्यातल्या होडीत बसायचा दोघांचा कट तिथंच शिजला.

पुढच्या खेपेला बाईंनी बदकांना पाव घालायचं निमित्त काढलं, एका सेविकेकडून खुर्ची धक्क्यापर्यंत ढकलून घेतली आणि तिची नजर चुकवून मापाची टेप खाली सोडली. धक्क्यावरून होडीत उतरायला नऊ इंच. होडीत शिरायची जागा नजरेच्या मापानं बत्तीस, आणि बाईंची नजर कधी उसवत नसे. खुर्ची पंचवीस.

"ढगळच होतंय," त्यांनी काकांना कळवलं.

खुर्च्या चढवायची घडीची फळी बसमध्ये होतीच, आणि बसचा चालक काकांच्याच हाताखाली तयार झालेला.

उरल्या मॅडम. त्यांच्यासाठी तिसरा गडी घेतला, मौनीबाबा. बँकेतले जुने कारकून. कानाला यंत्र, बोलणं मोजकं, दिसायला अगदी गोगलगाय. ठरल्या दिवशी केळी वाटून होताच ते किंचाळले, "माझं यंत्र! गवतात पडलं!"

झालं. मॅडम आणि दोन्ही सेविका गुडघ्यांवर आल्या आणि तांदूळ निवडावेत तसं गवत निवडू लागल्या. यंत्र मौनीबाबांच्या खिशात! इकडे चालकानं फळी बगलेत मारून बाईंची खुर्ची ढकलली. मागून काका वॉकर टेकत टुकूटुकू.

होडीवाली हुशार निघाली. तिनं फळी पायानं दाबून पाहिली, दोघांना जॅकेटं घातली, खुर्ची आत घेऊन चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. काकांना हात धरून फळकुटावर बसवलं. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमच्या मुख्य बाईंची परवानगी आहे ना?"

टेलरबाईंनी काकांकडे पाहिलं. आता काय सांगावं? तेवढ्यात झाडाखालून मॅडम दोन्ही हात हलवत धावत सुटलेल्या दिसल्या.

"ही काय," बाई म्हणाल्या. "जा जा म्हणताहेत."

होडी सुटली.

तिकडं काय झालं ते मागाहून कळलं. यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं आणि खिशात ते शिट्टी वाजवू लागलं. ती सगळ्यांना ऐकू आली, एकट्या मौनीबाबांना सोडून. मॅडमनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं, बाईंची जागा रिकामी दिसताच त्या धावत सुटल्या, तरी बाबा आपले गवतातच बोट दाखवत होते.

पाण्यावर आल्यावर बाईंनी हात खाली सोडला. बोटांमधून गार पाणी पळू लागलं. किती दिवसांत आपण कुठं चाललोय असं त्यांना वाटलं नव्हतं. नेहमी कुणीतरी न्यायचं आणि ठेवायचं. काका तर डोळे मिटून, दोन्ही मुठींत नसलेलं स्टिअरिंग धरून बसले होते.

परत आले तेव्हा मॅडम धक्क्यावर लालबुंद उभ्या होत्या.

"काही झालं असतं तर? मी तुमच्या सुनेला काय तोंड दाखवलं असतं?"

बाईंची मान खाली गेली. "खोटं बोललो, ते चुकलंच. पण विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नाही म्हटलं असतं!"

"म्हणूनच नाही विचारलं."

मॅडमना हसू आलं. ते दाबायला त्या वळल्या तर मागे उरलेली अख्खी पलटण येऊन ठेपलेली. काठ्या, वॉकर, खुर्च्या, आणि शेवटी मौनीबाबा, साळसूद चेहऱ्यानं.

"पुढची सवारी कोण?" होडीवालीनं विचारलं.

मॅडमनी स्वतः फळी दाबून पाहिली, ठोकळे हलवून पाहिले, जॅकेटांचे पट्टे ओढून पाहिले. मग दोघादोघांना घेऊन प्रत्येक फेरीला त्या जातीनं गेल्या. मौनीबाबांना शिक्षा म्हणून शेवटचा नंबर दिला.

"काय म्हणालात?" बाबांनी विचारलं. आता यंत्र कानात होतं.

बस दीड तास उशिरा सुटली. मॅडमनी वही उघडली. "पुढच्या महिन्यात काय करायचंय, ते आत्ताच सांगून टाका. लपवाछपवी नको."

"टेकडी!" काका म्हणाले.

मॅडमनी कपाळावर हात मारला. टेलरबाई मात्र कामाला लागल्या. त्यांनी टेप काढली, खुर्चीच्या मागच्या चाकाचं माप घेतलं आणि मॅडमना सांगितलं, "सव्वीस इंच. टेकडीच्या वाटेला लागेल, लिहून ठेवा."