हिरव्या वासाचा दोर

माझ्या मेहुण्याने वळलेल्या दोराने एकदा बुडालेलं जहाज ओढून काढलं होतं. जहाज वर आलं, बंदर खाली गेलं. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि तेच सांगताना जीभ जड होते.

सरकार हेंप लावायला परवानगी देणार होतं. हेंप म्हणजे भांगेची सख्खी बहीण, पण हिच्याने नशा चढत नाही. दोर होतो, कापड होतं. कायद्याला दोघी सारख्याच दिसत, म्हणून बंदी दोघींवर. आता नव्या धोरणाचा मसुदा निघाला आणि हरकती-सूचना ऐकायला लोकांना सभागृहात बोलावलं.

मेहुण्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत दोराचं भेंडोळं भरलं.

"भाऊजी, मी कशाला बोलू? दोरच बोलेल."

"मग खुर्चीही त्यालाच दे," मी म्हणालो.

त्याची पाळी आली. त्याने दोर टेबलावर टाकला. दोन शिपायांनी दोन टोकं धरून जोर लावला. शिपाई घामाघूम, दोर जसाच्या तसा. टाळ्या पडल्या. मेहुणा फुलून गेला. अध्यक्षबाईंनी दोर नाकाशी नेला.

"हिरवा वास येतोय. धागा कुठला?"

बंदी अजून उठली नव्हती! मेहुण्याने आपल्याच हाताने गुन्ह्याचा पुरावा आणून दिला होता. त्याच्या परसात भिंतीआड चार वाफे होते. आजोबांपासून राखलेलं बी. फार दिवस डब्यात ठेवलं की मरतं, म्हणून दरवर्षी चोरून पेरायचं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ज्या थापांवरून जन्मभर मला नावं ठेवली, त्यातलीच एक आज त्याला हवी होती.

मी उठलो. "बाई, धागा बंदीच्या आधीचा. याच्या आजोबांनी माळ्यावर पिंपात बंद करून ठेवलेला. झाकण परवाच काढलं, म्हणून वास."

इथे थांबायला हवं होतं. पण टाळी आली नाही की मला करमत नाही. "अशी आणखी तीन पिंपं आहेत!"

बाईंनी लिहून घेतलं. "उत्तम. उद्या सकाळी आमची माणसं नमुने न्यायला येतील. सगळं घर बघतील."

घरी येताच मेहुण्याने वाफे उपटून चुलीत घातले. बियांचा डबा हातात घेऊन उभा राहिला.

"माझ्याकडे दे," मी म्हणालो.

"साक्षीदार तुम्ही, तर आधी आपल्याच घरी येतील," बायको म्हणाली. "एका पिंपावर थांबला असतात तर!"

बी चुलीत गेलं. तडतड वाजत राहिलं. मेहुणा शेवटचा दाणा फुटेपर्यंत उठला नाही.

सकाळी माणसं आली. पिंपं उंदरांनी खाल्ली, असं मी सांगितलं. माळा रिकामा बघून ती हसत निघून गेली.

सहा महिन्यांनी धोरण मंजूर झालं. मेहुणा परवान्याचा अर्ज घेऊन आला आणि पहिल्याच रकान्यावर बोट ठेवलं: इथल्या मातीतल्या जुन्या बियाण्याचा नमुना जोडावा, असेल त्याला प्राधान्य.

"काय लिहू, भाऊजी?"

मी तोंड उघडलं. एकही थाप सुचेना. तो वाट बघत बसला, आणि बसल्या बसल्या त्याची बोटं त्या कागदाला पीळ देत राहिली.