मिटलेल्या तोंडाचं गाणं

जयवंताबाई ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. हात सुपात होते, पण ओठ सारखे हलत होते. दोन दिवसांवर लेकीची हळद आली होती, आणि त्या हळदीचं गाणं त्या मनात जुळवत होत्या. वऱ्हाडात या गाण्याची रीत न्यारी. दर लग्नात नवरीचं नाव त्यात नव्यानं गुंफायचं, म्हणून एकीचं गाणं दुसरीला चालत नाही. शंभर पोरींची नावं गुंफून झाली होती. आता पोटच्या पोरीची पाळी होती.

“पहिली हळद मायच्या हाताची, प्रणाली बाई लाडाची...” एवढं म्हटलं आणि बाईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात थोरली जाऊ आशाबाई मोबाईल नाचवत आली. ती मंगलगीत महिला मंडळाची अध्यक्ष.

“जयवंता, तुही बसाची जागा धान्याच्या खोलीत केली बरं. माइक आत देतो, पंखाई लावून देतो.”

जयवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. “बाई, माह्या पोरीची हळद हाये ही.”

“म्हनूनच त सांगून राह्यली. नवरदेवाकडचे सारे मोर्शीहून लाइव्ह पाह्यनार हायेत. पांढऱ्या कपायाची बाई मांडवात दिसली त काय म्हनतीन ते?”

ही धान्याची खोली काही नवी नव्हती. पूर्वी गावातल्या बाया जात्याभोवती बसून गायच्या. नवरा गेल्यावर जयवंताबाईंना जात्याला हात लावू देत नसत, तरी मांडवाच्या एका मेढीशी बसून त्या गात, आणि कोणी फारसं मनावर घेत नसे. मग आशाबाईच्या विपुलनं मंडळाचं चॅनेल काढलं. अकोल्या-अमरावतीची बोलावणी येऊ लागली, परदेशातले पाहुणे घरबसल्या हळद पाहू लागले. आणि पडद्यावर साऱ्या सवाष्णीच दिसल्या पाहिजेत असं ठरलं! गळा जयवंताबाईंचा, पण त्या दाराआड. बाहेर हिरवा चुडा भरून मंडळातली लीलाबाई नुसते ओठ हलवायची. व्हिडिओखाली लोक लिहायचे, ‘लीलाबाईंच्या गळ्यात मध आहे.’ वाहवा रे प्रगती! मेढीजवळची तेवढी जागासुद्धा आम्ही त्या विधवेकडून हिसकावून घेतली, आणि त्याला नाव दिलं नवं तंत्रज्ञान.

दुसऱ्यांच्या पोरींसाठी जयवंताबाईंनी ते सोसलं. आज मात्र त्या उठून उभ्या राहिल्या.

“गाईन त मांडवात, माह्या पोरीसमोर. आन पहिली हळद मीच लावीन. तिचा बाप गेला, मी जित्ती हाये.”

“डोस्कं फिरलं का व तुह्यं? पोरीचा संसार मांडाचा हाये का मोडाचा?”

“मंग गानं तुमीच म्हना.”

आशाबाई पाय आपटत निघून गेली. एवढ्या साऱ्या बायांत तसा गळा दुसरा नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. जयवंताबाईंना वाटलं, आपण जिंकलो. बिचारी! त्यांना कुठं ठाऊक, की आपला गळा केव्हाचा घराबाहेर पडलाय.

त्या रात्री विपुल आईला म्हणाला, “कशाले तिच्या पाया पडतं व? काकूचं सारं गानं माह्याजवळ रेकॉर्ड हाये. नवं नाव टाकलं की कॉम्प्युटर तिच्याच आवाजात गाते. कोनाले पत्ताई लागत नाई.”

“प्रणालीले?”

“तिलेई नाई.”

हळदीच्या दिवशी जेवणं आटोपली आणि प्रणाली पाटावर बसली. सवाष्णी भोवती जमल्या, विपुलनं कॅमेरा लावला. जयवंताबाई गाणार नाही म्हणून अडून धान्याच्या खोलीत बसून होत्या. कोणीतरी येईल, गाण्यासाठी विनवील, मग आपण ताठ मानेनं मांडवात जाऊ, अशी त्यांची आस. कोणीही आलं नाही.

आणि बाहेर गाणं सुरू झालं.

“पहिली हळद मायच्या हाताची, प्रणाली बाई लाडाची...”

जयवंताबाईंचा हात गळ्याशी गेला. ओठ तर मिटलेले होते! आवाज त्यांचाच होता, तो कंपही त्यांचाच. चोरट्यांनी त्यांच्या तोंडचं लेकीचं नावसुद्धा स्वतःचं करून घेतलं होतं. ओट्यावर म्हटलेली ती ओळ आशाबाईनं ऐकून ठेवली होती.

पाटावर प्रणाली रडत होती. तिला वाटलं, आईचा राग गेला, आई गातेय. ती सारखी खोलीच्या दाराकडे पाहत होती.

दार उघडलं आणि जयवंताबाई बाहेर आल्या, थेट मांडवाच्या मधोमध. भोंग्यातून त्यांचा आवाज खणखणीत गात होता, आणि त्या तोंड मिटून उभ्या होत्या. सवाष्णींचे हात थबकले. लीलाबाई ओठ हलवायचं विसरली. ज्या बायकांनी आजवर खोलीतला आवाज ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, त्या माना खाली घालून बांगड्या चाचपू लागल्या.

“कॅमेरा फिरव रे!” आशाबाई दात खाऊन म्हणाली. विपुलनं तो फुलांच्या माळांवर फिरवला. गाणं चालूच होतं.

जयवंताबाईंनी वाटीत बोटं बुडवली. हात लेकीच्या गालाशी नेला. “प्रणे,” त्या म्हणाल्या, “हे मी नाई गात व माय. मी हे हाये, इथं.”

प्रणालीनं आईकडे पाहिलं. तिला सारं कळलं. तरी तिनं गाल मागे घेतला. फार नाही, बोटभरच.

“आई, आत जाय न,” ती हळूच म्हणाली. “सासूबाई पाहून राह्यल्या.”

हळदीची बोटं तशीच हवेत राहिली. मग बाईंनी ती पदराला पुसली. पांढऱ्या पदरावर पिवळा डाग पडला. त्या निमूट मागच्या दारानं निघून गेल्या. त्या मांडवातलं एकही माणूस त्यांच्यामागे गेलं नाही. ना दीर खुशालराव, ना लेक, ना ज्यांच्या पोरींना त्यांनी गाऊन सासरी धाडलं त्या बाया.

लग्न थाटात झालं. जयवंताबाई आता गात नाहीत. मंडळाला त्यांची गरजही राहिली नाही. तरी रोज कुठल्या ना कुठल्या नवरीच्या हळदीला भोंग्यातून त्या गातात, त्या पोरीचं नाव त्यांना ठाऊकही नसतं.

वाचकहो, प्रणालीच्या हळदीचा तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. फुलांच्या माळांवर कॅमेरा जरा जास्तच रेंगाळतो, तो. तुम्हीही डोळे पुसले असतील, पुढे पाठवला असेल. खाली साऱ्यांनी वाहवा केली आहे. एकाच बाईनं, कुणा पौर्णिमानं, विचारलं आहे, “हा आवाज कोणाचा आहे हो? त्यांना एकदा भेटायचं आहे.”

खाली आशाबाईचं उत्तर आहे, “मंडळाचा.”